मेलं घड्याळ

आमच्या साडूंना सगळे नातेवाईक डिसमिसराव म्हणतात. नव्या माणसाचा या नावाने हमखास गैरसमज होतो. मागे एका समारंभात माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी हळूच कानाशी लागून विचारलं, "किती वर्षं नोकरी झाली होती हो, यांना डिसमिस केलं तेव्हा?" मी म्हणालो, "नाही नाही, ते रीतसर निवृत्त झाले." त्यावर ते गृहस्थ "म्हणजे पुन्हा कामावर घेतलं असणार, बरं झालं" असं म्हणाले, आणि जेवण संपेपर्यंत साडूंकडे फार दयेने बघत राहिले.

डिसमिस म्हणजे स्क्रू पिळायचं हत्यार. कारागीर त्याला हेच म्हणतात. आमच्या साडूंच्या सदऱ्याच्या खिशात, जिथे इतरांचं पेन असतं, तिथे एक बारीक डिसमिस असतं. सदरा बदलला की ते नव्या सदऱ्यात जातं. एकदा बँकेत सही करायला म्हणून त्यांनी तेच बाहेर काढलं होतं.

मला लिहायची सवय नाही. मेहुणीने, म्हणजे डिसमिसरावांच्या बायकोने सांगितलं, "भाऊजी, यांच्याविषयी कुणीतरी लिहायला हवं, आणि मी लिहिलं तर ती फिर्याद होईल." म्हणून मी लिहायला बसलो आहे. कुठे मागेपुढे झालं तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

डिसमिसराव पोस्टात होते. पत्रं गावागावांप्रमाणे वेगळी करून खणांत टाकायची, हे त्यांचं जन्माचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांच्या कचेरीने जुना लाकडी खणांचा घोडा मोडीत काढला, तो त्यांनी घरी आणला आणि काचा लावून घेतलेल्या गॅलरीत उभा केला. आता त्या खणांत पत्रांऐवजी छोट्या मोटरी आहेत. कुठल्या यंत्रातून काय निघालं, अशी ती वाटणी नाही. ती स्वभावावरून केलेली आहे. केस वाळवायच्या यंत्रातल्या मोटरी 'तापट' या खणात. जुन्या प्रिंटरमधल्या, मोजून पाऊल टाकणाऱ्या, 'शिस्तीच्या'. मायक्रोवेव्हमधली काचेची थाळी फिरवणारी मोटर असते ना, ती 'लहरी' या खणात. तिची खोड अशी की सुरू करताना ती डावीकडे फिरेल की उजवीकडे, हे तिचं तीच ठरवते. "आपली मोठी मेहुणी," असं ते मला ही मोटर दाखवताना म्हणाले. त्यांची मोठी मेहुणी म्हणजे माझी बायको. मी दुसरा खण दाखवायला सांगितलं. मोटर मात्र खरोखरच लहरी होती.

हे सगळं कशासाठी, तर गॅलरीत एका लांब टेबलावर त्यांनी एक गाव वसवलं आहे. पुठ्ठ्याचं, बांबूच्या काड्यांचं, आगपेटीच्या लाकडाचं. त्या गावातल्या कारखान्याचं फाटक गाण्याच्या तबकड्यांच्या यंत्रातल्या सरकत्या कप्प्यावर उघडतं. बंदरावरची क्रेन प्रिंटरच्या दांडीवर पुढेमागे होते. जत्रेतलं चक्र लहरी मोटरीवर आहे, त्यामुळे त्यात बसलेली कागदी माणसं कधी पुढे तोंड करून फिरतात, कधी पाठीमागे. एका टोकाला टेकडी, टेकडीवर बुरूज आणि बुरजावर एक पहारेकरी. करंगळीच्या पेराएवढा. त्याने बुरजावर गोल गस्त घालावी, दर सेकंदाला एक पाऊल, अशी डिसमिसरावांची फार इच्छा होती. त्यासाठी त्यांना टिकटिक करणारं भिंतीवरच्या घड्याळाचं मशीन हवं होतं. पण तशी घड्याळं आमच्या नात्यागोत्यात बिघडेनात. पहारेकरी कित्येक महिने एका पायावर उभा होता.

विकत आणा म्हटलं तर त्यांना राग येतो. "विकत आणायला काय, पुतळाही मिळेल. मग मी काय करायचं?"

नातेवाइकांकडे एखादं यंत्र कायमचं गेलं की डिसमिसरावांना निरोप जातो. मग ते इस्त्रीचा सदरा घालून जातात. मी एकदा बरोबर गेलो होतो. ते खुर्चीच्या कडेवर बसले, पाणी प्यायले, जरा थांबले आणि खालच्या आवाजात विचारलं, "कसं झालं?"

यजमानीण म्हणाली, "काय सांगू. चांगलं चालत होतं. परवा सकाळी एकदम थांबलं."

"आधी काही त्रास?"

"शेवटी शेवटी आवाज फार करायचं."

"हं," डिसमिसराव म्हणाले. "वय झालं होतं." निघताना ते यंत्र त्यांनी टॉवेलात गुंडाळून काखेत घेतलं. दाराशी यजमानीण म्हणाली, "त्याचं काहीतरी चांगलं करा हो." मला खोकल्याचं सोंग करावं लागलं.

आता मेहुणीविषयी. ती कोर्टात लघुलेखक होती. साक्षीदाराच्या तोंडून शब्द बाहेर पडायचा अवकाश, की तो हिच्या कागदावर. अशा बाईच्या घरात शब्द जपून वापरावा लागतो, आणि डिसमिसराव तिथेच घसरले.

झालं असं. घरात एक टेबलफॅन होता. त्याची मान डावीउजवीकडे वळवणारी जी छोटी चक्रं असतात, त्यांवर डिसमिसरावांचा बरेच दिवस डोळा होता. एका दुपारी मेहुणी न्हाणीघरात होती. यांनी बाहेरून विचारलं, "अगं, टेबलफॅन बंद आहे का?"

आतून उत्तर आलं, "हो, बंद आहे."

तिने बटण बंद केलं होतं, एवढंच तिला म्हणायचं होतं. यांनी ऐकलं की पंखा बिघडलाय. ऐन उन्हाळ्यात ती डोकं पुसत बाहेर आली, तेव्हा पंखा तीन बशांमध्ये होता.

त्या दिवशी जो निकाल लागला तो आमच्या सगळ्या घराण्याला पाठ आहे. या घरात इथून पुढे 'बंद' या शब्दाला काही अर्थ नाही. 'बिघडलंय' हाही शब्द चालणार नाही, कारण बिघडलेलं दुरुस्त होतं. ज्याची वस्तू आहे त्याने स्वतःच्या तोंडाने 'मेलं' असं म्हटल्याशिवाय डिसमिस खिशातून निघणार नाही. आणि चालतं यंत्र पुन्हा एकदा जरी उघडलेलं सापडलं, तर गॅलरी रिकामी. खण, मोटरी, फाटक, क्रेन, चक्र, सगळं गाव भंगारवाल्याच्या गाडीवर.

"अपील?" डिसमिसरावांनी विचारलं.

"नाही," मेहुणी म्हणाली.

ती गंमत करत नव्हती. भंगारवाल्याचा फोन नंबर तिने गॅलरीच्या दारालाच चिकटवला. तेव्हापासून डिसमिसराव प्रत्येकाला आधी 'मेलं' म्हणायला लावत. शेजारच्या आजोबांनी बंद पडलेलं दाढीचं यंत्र आणून दिलं, तेव्हा त्यांच्याकडूनही. "आजोबा, एकदा स्पष्ट म्हणा, मेलं." आजोबा म्हणाले, "या वयात मला असले शब्द बोलायला लावू नका," आणि यंत्र परत घेऊन गेले.

असं सुरळीत चाललेलं असताना सासूबाई तिथे राहायला आल्या.

सासूबाई म्हणजे आम्हा दोघा साडूंच्या. नव्वदीला टेकल्या आहेत. घरात पडल्या, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि धाकट्या लेकीकडे आल्या. आतल्या खोलीत त्यांची खाट टाकली. आईला परकं वाटू नये म्हणून मेहुणीने त्यांचं भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या घरून आणवलं आणि उशाच्या भिंतीवर टांगलं. त्याच्या तबकडीवर आकडे नाहीत, बारा जागी बारा सारखे ठिपके आहेत. खाटेच्या पायथ्याशी आरशाचं कपाट. सासूबाईंना मान वळवायला त्रास होतो, तेव्हा त्या उशीला टेकून समोर बघत बसायच्या. ही खोलीची मांडणी मी मुद्दाम सांगून ठेवतो आहे. आमच्यापैकी कुणी तिकडे नीट लक्ष दिलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

सासूबाईंचा दिवस घड्याळावर चालतो. गोळी किती वाजता, व्यायामवाली बाई किती वाजता, धाकटी भाजी आणायला गेली ती कधी येईल. पण त्या आल्यापासून कुरकुर करत होत्या. सकाळी चहा आला की म्हणायच्या, "पाच वाजता कसला चहा देता?" सात वाजलेले असायचे. मेहुणीला वाटलं, ऑपरेशनमुळे आईचा थोडा गोंधळ होतोय. डॉक्टरही म्हणाले, होतं असं, हळूहळू कमी होईल.

त्या रविवारी आम्ही दोघं भेटायला गेलो होतो. सासूबाईंना चालायला आधाराची चौकट हवी होती, ती बघायला दोघी बहिणी दुपारी दुकानात गेल्या. जाताना मेहुणी म्हणाली, "आईकडे लक्ष ठेवा." आमची ही म्हणाली, "आणि एकमेकांकडेही."

चार वाजता डिसमिसरावांनी चहा केला. आम्ही तो घेऊन सासूबाईंच्या खोलीत गेलो. त्यांनी समोर बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाल्या, "मेलं हे घड्याळ."

डिसमिसरावांच्या हातातली बशी वाजली.

"आई, काय म्हणालात?"

"मेलं घड्याळ म्हणाले."

"तुम्ही स्वतःच्या तोंडाने म्हणालात ना?"

"मग काय शेजारणीच्या तोंडाने म्हणू?"

"घड्याळ तुमचंच आहे ना?"

"लग्नात... नाही, नंतर घेतलेलं. पण माझंच. तुमच्या सासऱ्यांना यातलं काही कळायचं नाही. काय झालं?"

"काही नाही," डिसमिसराव म्हणाले. "चहा घ्या. गार होतोय."

सासूबाई बशीत चहा ओतून घेत होत्या तेवढ्यात त्यांनी उशामागचं घड्याळ अलगद उतरवलं आणि गॅलरीत आल्यावर टेबलावर ठेवलं. ते टिकटिक करत होतं. मला राहवलं नाही. "अहो, हे तर चालतंय."

"चालतंय तसं," ते म्हणाले, पण नजर बुरजावरच्या पहारेकऱ्याकडे होती. "पण रोज सकाळी सातला पाच दाखवतं. तुम्ही ऐकलंय. आता आपल्यासमोर शहाण्यासारखं वागतंय, एवढंच. डॉक्टरकडे नेलं की पोराचं पोट दुखायचं थांबतं, तसं यंत्रांचंही असतं."

"तरीपण साडूभाऊ..."

"मालकीण म्हणाली ना? नियमात मालकाचा शब्द शेवटचा. मी विचारलंसुद्धा, स्वतःच्या तोंडाने का म्हणून. तुम्ही साक्षीदार आहात."

साक्षीदार म्हटल्यावर मी खुर्ची ओढून बसलो. डिसमिस खिशातून निघालं.

मशीन बाहेर आलं. नुसतं काढून बुरजात बसवलं असतं तरी पुढे निभावलं असतं. पण डिसमिसराव कुठलीच डबी न उघडता वापरत नाहीत. आत धूळ असेल, म्हणून त्यांनी झाकण उचकटलं. पांढरी चाकं, तांब्याच्या तारेची गुंडाळी, पत्र्याची एक पातळ पट्टी, मसुराएवढं चुंबक. सगळं स्वच्छ. त्यांनी एकेक तुकडा बशीत मांडला आणि ते विचारात पडले.

"याला काहीच झालेलं नाही," ते म्हणाले.

तेवढ्यात आतून हाक आली. "अहो जावई. कुणीतरी या. माझं घड्याळ कुठे गेलं?"

आम्ही दोघं दारात जाऊन उभे राहिलो. शाळेत वर्गाबाहेर उभं करतात तसे.

"आई, तुम्हीच म्हणालात, मेलं," डिसमिसराव म्हणाले.

"म्हणाले. मग?"

"मेलं म्हणून उघडलं."

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, मी मेलं सगळ्यालाच म्हणते. मेली उशी टोचते म्हणते. मघाशी धाकटीला म्हणाले, मेली छत्री न घेता गेली. तिचं काय करणार आहात?"

डिसमिसरावांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा चेहरा इतका लहान होऊ शकतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. मागे वळून त्यांनी गॅलरीच्या दाराकडे पाहिलं, तिथे भंगारवाल्याचा नंबर होता. ते हळूच म्हणाले, "साडूभाऊ, गाव जाणार."

त्यांनी ते ज्या तऱ्हेने म्हटलं त्यात गंमत नव्हती. पोस्टात चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गावांचे पत्ते वाचलेला माणूस. स्वतःचं म्हणून एक गाव, तेही टेबलावरचं.

"मग जोडा ना आत्ता," मी म्हणालो. "त्या यायच्या आत."

पुढचा तासभर आम्ही दोघांनी जे केलं ते कुणी बाहेरून बघितलं असतं तर वैद्याला बोलावलं असतं. मी विजेरी धरली होती, पण माझा हात कापतो, त्यामुळे उजेड चाकांऐवजी जत्रेतल्या कागदी माणसांवर पडत होता. डिसमिसरावांना जवळचा चष्मा लावला की चिमटा दिसायचा आणि लांबचा लावला की मी. एक चाक उडालं. मग आम्ही दोघं जमिनीवर रांगत होतो. ते सापडलं क्रेनखाली, पण मला उठता येईना. डिसमिसरावांनी मला उठवलं, मग त्यांना मी उठवलं.

"तुम्ही काय शोधताय तिकडे?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"काही नाही आई. व्यायाम करतोय."

"करा. चांगला असतो."

शेवटी झाकण बसलं. सेल घातला. टिक झालं. डिसमिसरावांनी डोळे मिटले आणि उघडले. मशीन तबकडीत बसवलं, काटे लावले, आपल्या मनगटावर बघून बरोबर सहाला लावले आणि घड्याळ उशामागच्या भिंतीवर टांगलं. खाली दारात रिक्षा थांबल्याचा आवाज आणि आमच्या हिचा सुट्ट्या पैशांवरून वाद, दोन्ही ऐकू आले. डिसमिसराव दोन पावलं मागे सरले, घड्याळाकडे कौतुकाने बघितलं आणि तसेच उभे राहिले.

सेकंदकाटा उलटा चालला होता.

मी आधी माझ्या डोळ्यांवर शंका घेतली, तशी माझी पद्धतच आहे. पण नाही. बारावरून अकरावर, अकरावरून दहावर. पत्र्याची ती पट्टी घाईत पालथी बसली होती. पट्टी पालथी बसली की चुंबक दुसऱ्या बाजूला ढकललं जातं आणि सगळं घड्याळ मागे चालू लागतं. हे डिसमिसरावांनी मला नंतर समजावलं. त्या क्षणी ते एवढंच म्हणाले, "मेलो."

जिन्यावर पावलं वाजली. दोघी आल्या. चौकट आणली होती. मग ती उघडून दाखवणं, सासूबाईंनी तिला हात लावून "मेली किती हलकी आहे" म्हणणं, चहा ठेवणं, दुकानदार कसा उद्धट होता याची हकीकत. या सगळ्या वेळात डिसमिसराव उशाशी घड्याळाच्या बरोबर पुढे उभे होते, डोक्याने तबकडी झाकून. त्यांना बसा म्हटलं तर म्हणाले, पाठ आखडली आहे. चहा त्यांनी उभ्यानेच घेतला.

"अहो, आईच्या उशाशी असे खांबासारखे काय उभे आहात?" मेहुणीने विचारलं. "सरका. आईच्या गोळीची वेळ झाली का बघू दे."

ते सरकले. दुसरं काय करणार. मेहुणीने वर बघितलं. "सहाला वीस मिनिटं आहेत अजून." मग तिच्या कपाळाला आठी पडली. "असं कसं? दुकानातून निघालो तेव्हाच पावणेसहा वाजून गेले होते." ती आणखी जवळ गेली. आता तिला सेकंदकाटा दिसला. वळली आणि तिने नवऱ्याच्या खिशातल्या डिसमिसकडे बघितलं. कोर्टात असं शांत झालं की लोक आपापल्या वकिलाकडे बघायला लागतात.

"कुणी उघडलं?"

"मी," डिसमिसराव म्हणाले.

"चालू होतं?"

"हो."

"नियम माहीत आहे?"

"हो. पण आई म्हणाल्या, मेलं."

मेहुणी आईकडे वळली. "आई, तू घड्याळाला मेलं म्हणालीस?"

"म्हणाले."

"कुठल्या अर्थाने?"

"मेलं म्हणायला अर्थ लागतो का?"

"या घरात लागतो."

"मला काय माहीत," सासूबाई म्हणाल्या. "मला कुणी सांगितलं? आणि तू त्यांच्यावर डोळे काढू नकोस. सहा वाजून वीस मिनिटं झाली आहेत, माझी गोळी कुठे आहे ते बघ."

मेहुणीने मनगटावर बघितलं. सहा वीस झाले होते.

"तुला कसं कळलं?"

"घड्याळात बघून. आणखी कसं?" सासूबाई समोर बघत होत्या. "इतके दिवस मेलं काहीबाही दाखवायचं, उलटंच फिरायचं. आज जावईबापूंनी सरळ केलं."

आम्ही चौघंही त्यांच्या नजरेच्या रोखाने बघायला लागलो. समोर कपाटाचा आरसा होता. आरशात सासूबाई होत्या, त्यांच्या डोक्यावर घड्याळ होतं, आणि त्या घड्याळाचा सेकंदकाटा अगदी शहाण्यासारखा डावीकडून उजवीकडे चालला होता. सहा वाजता दोन्ही काटे सरळ उभे असतात, ते आरशातही तसेच दिसतात. वीस मिनिटांपूर्वी तिथून ते भिंतीवर मागे निघाले आणि आरशात पुढे.

आमची ही म्हणाली, "अगं बाई. म्हणजे आई आरशात बघत होती. म्हणून तिला सातचे पाच दिसत."

"मग कुठे बघू? मान वळते का माझी?"

"पण आई, आरशात उलटं दिसतं," मेहुणी म्हणाली.

"माझं तोंड तर सरळच दिसतं," सासूबाई म्हणाल्या.

मेहुणी खाटेच्या कडेला बसली, मग आईला थोडं सरकायला सांगून तिच्या शेजारी त्याच उशीवर डोकं ठेवून आडवी झाली. दोघी मायलेकी समोर बघत राहिल्या. आठवडाभर आईला गोंधळ होतोय असं आपण सगळ्यांना सांगत होतो, हे तिच्या मनात आलं असावं. तिने आईचा हात धरला. मग छताकडे बघत म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तिथे होतात?"

"होतो," मी म्हणालो. "विजेरी धरली होती."

"मग तुम्हीही आरोपी आहात."

निकाल जेवताना लागला. यंत्र चालू होतं हे खरं. पण मालकिणीच्या जागेवरून ते चालू नव्हतं, हेही खरं. म्हणून गाव राहील. भंगारवाल्याचा नंबर मात्र दारावरच राहील. आणि 'मेलं' हा शब्दही इथून पुढे या घरात ग्राह्य नाही.

"मेलं, मग माणसाने बोलायचं तरी काय?" सासूबाईंनी विचारलं. मेहुणीने दुसरा शब्द शोधायचा प्रयत्न केला, पण तिला सुचला नाही. तो अजून सुचलेला नाही.

घड्याळ तसंच ठेवलं आहे. सासूबाईंना सातचा चहा सातलाच मिळतो. फक्त पाहुण्यांचे हाल होतात. व्यायामवाली बाई भिंतीकडे बघून एकदा अर्धा तास जास्त व्यायाम घेऊन गेली. डॉक्टर आले, त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग स्वतःच्या घड्याळाकडे, मग पुन्हा भिंतीकडे, आणि नाडी बघितली. स्वतःची.

पहारेकरी मात्र एका पायावरच उभा राहिला. डिसमिसरावांनी त्याचं नाव काढलं नाही. कुणाकडे यंत्र गेलं तरी ते भेटायला जाईनात. पुढच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा ते गॅलरीत नुसते बसले होते. आजवर मी त्यांना नुसतं बसलेलं पाहिलं नव्हतं. मी शेजारी बसलो.

मेहुणी आली. तिच्या हातात तिच्या खाटेशेजारचं गजराचं घड्याळ होतं. कोर्टात असतानापासूनचं, त्याने तिला जन्मभर उठवलं. तिने ते टेबलावर, बुरजाच्या पायथ्याशी ठेवलं आणि म्हणाली, "मेलं."

डिसमिसरावांनी ते कानाशी नेलं. टिकटिक मलाही ऐकू येत होती. "अगं, चालतंय हे."

"मी काय म्हणाले?"

"मेलं म्हणालीस. पण तो शब्द ग्राह्य नाही."

"मी म्हणाले तर ग्राह्य आहे."

त्यांनी घड्याळ खाली ठेवलं. हात मांडीवर घेतले. "चालत्याला हात लावायचा नाही," ते म्हणाले. खरोखरच लावेनात. मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते पहारेकऱ्याकडे बघत होते.

मेहुणीने सुस्कारा टाकला. घड्याळ उचललं, पाठीमागचं झाकण नखाने उघडलं, सेल काढला आणि पदराला पुसून आपल्या मुठीत ठेवला. टिकटिक थांबली.

"आता?" तिने विचारलं.

"आता बंद आहे," डिसमिसराव म्हणाले.

"बंद नाही."

मग त्यांचा हात खिशाकडे गेला.

"मेलं," ते म्हणाले.